हातांची ऊब

(हिवाळ्यात पहाटे मोटारसायकल चालवणाऱ्यांचे हात गारठतात. असे का होते, त्यात धोका कोणता आणि साध्या वस्तू वापरून हातांची ऊब कशी राखता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मित्रांनो, बीड जिल्ह्यातील हिवाळा तुमच्या ओळखीचा आहे. दिवाळी सरली की पहाटेचा गारवा वाढू लागतो. डिसेंबर-जानेवारीत घरोघरी गोधड्या, शाली आणि कानटोप्या बाहेर निघतात. चौकात शेकोट्या पेटतात. ऊन वर येईपर्यंत अंथरुणातून उठावेसे वाटत नाही.

पण सगळ्यांनाच अंथरुणात राहता येत नाही. दूधवाला पहाटे धारा काढतो, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधतो आणि शहराची वाट धरतो. भाजीवाल्याला लिलावाच्या वेळेला मंडईत पोहोचायचे असते. वर्तमानपत्रे वाटणारा तर त्याच्याही आधी घराबाहेर पडलेला असतो. कदाचित तुमचे अब्बा, मामू किंवा मोठे भाऊही असेच पहाटे निघत असतील. घरी परतल्यावर ते आधी काय करतात, ते आठवून पाहा. ते हात चोळतात, काखेत धरतात, चहाचा पेला दोन्ही तळव्यांत घट्ट पकडतात. कधी कधी तर त्यांना शर्टाची गुंडीही काढता येत नाही. अंगात स्वेटर असतो, डोक्यावर हेल्मेट असते. तरी हात मात्र बर्फासारखे गार पडलेले असतात. असे का होते?

आधी आपल्या भागातील थंडी समजून घेऊ. बीड जिल्हा समुद्रापासून दूर आहे. त्यामुळे समुद्राकाठच्या कोकणासारखी रात्रीची उबदार हवा येथे मिळत नाही. हिवाळ्यात येथील आकाश बहुधा निरभ्र आणि हवा कोरडी असते. ढगांचे पांघरूण नसल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास तापमान सर्वांत कमी असते. ऐन हिवाळ्यात ते दहा अंश सेल्सिअसच्या आसपास येते. उत्तरेकडून थंडीची लाट आली, तर त्याच्याही खाली जाते. शिवाय गार हवा जड असते. ती बालाघाटच्या उतारांवरून पाण्यासारखी खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. मांजरसुंब्याचा घाट उतरून बिंदुसरा नदीच्या खोऱ्याकडे येताना, किंवा एखाद्या ओढ्याचा पूल ओलांडताना, गारठा एकाएकी वाढल्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

पण नुसत्या थंड हवेमुळे हात इतके गारठत नाहीत. दहा अंश तापमानात अंगणात उभा असलेला माणूस आणि त्याच वेळी मोटारसायकलवर बसलेला माणूस यांच्या थंडीत मोठा फरक असतो. हा फरक वाऱ्यामुळे पडतो.

आपली त्वचा उबदार असते. तिला लागून असलेल्या हवेचा एक पातळ थर शरीराच्या उष्णतेने गरम होतो. ही जणू आपल्या अंगावरची न दिसणारी शाल असते. वारा नसेल तर ही शाल अंगावर टिकून राहते. वारा आला की तो ही गरम हवा उडवून नेतो आणि तिच्या जागी गार हवा आणतो. शरीर पुन्हा ती हवा गरम करते, वारा पुन्हा ती नेतो. गाडीवर बसलेल्या माणसाची ही उष्णता क्षणाक्षणाला लुटली जाते. बाहेर झाडाचे पानही हलत नसले, तरी ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा लागतोच. तो गाडीच्या वेगातूनच निर्माण होतो.

वारा आणि थंडी यांचा हा संबंध मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर झाला. पॉल सायपल हा अमेरिकन तरुण १९२८ साली स्काऊट म्हणून प्रथम त्या बर्फाळ प्रदेशात गेला होता. पुढे तो शास्त्रज्ञ झाला. १९४१ साली त्याने आणि चार्ल्स पॅसेल या सहकाऱ्याने तेथे एक साधा प्रयोग केला. त्यांनी प्लॅस्टिकच्या लहान नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगले आणि निरनिराळ्या तापमानांत, निरनिराळ्या वाऱ्यांत ते किती वेळात गोठते याची नोंद ठेवली. वारा जितका जोराचा, तितके पाणी लवकर गोठले. हे संशोधन १९४५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांनी हा हिशेब सुधारून नवे सूत्र तयार केले.

त्या सूत्राने आपल्याकडील पहाटेचा हिशेब करून पाहू. हवेचे तापमान दहा अंश आहे असे समजा. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ते सुमारे ८ अंशांसारखे वाटेल. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलवर ते सुमारे ६ अंशांसारखे, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ५ अंशांसारखे वाटेल. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. वाऱ्यामुळे हवेचे तापमान खरोखर कमी होत नाही. गाडीची टाकी किंवा आरसा हवेपेक्षा गार होत नाही. वारा फक्त गरम वस्तूची उष्णता लवकर काढून घेतो. आणि गाडीवर वाऱ्याच्या समोर सर्वांत पुढे असलेली गरम वस्तू म्हणजे चालकाचे हात.

आता दुसरा प्रश्न. सर्व अंगाआधी बोटेच का गारठतात? बोटे बारीक आणि लांब असतात. त्यांच्यात उष्णता साठवायला मांस थोडे आणि उष्णता गमावायला कातडी फार असते. म्हणून ती लवकर गार होतात. याशिवाय आपले शरीर काटकसरी घरधन्यासारखे वागते. घरात पैसे कमी पडले की घरधनी आधी धान्याची सोय करतो आणि इतर खर्च थांबवतो. तसेच थंडी वाढली की शरीर आधी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखते. त्यांचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे, म्हणून ते हातापायांच्या त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसून घेते. गरम रक्त बोटांकडे कमी जाते. बोटे पांढुरकी पडतात, त्यांना मुंग्या येतात आणि मग ती बधिर होतात.

यातून एक उपयोगी गोष्ट कळते. छाती उघडी असेल आणि शरीर आतून गारठले असेल, तर चांगले हातमोजे घालूनही बोटे गारच राहतील. हातांची ऊब छातीपासून सुरू होते.

आणखी एक गंमत करून पाहा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटे उघडा-मिटा. बोटे हलताना कोपराखालचे स्नायू हललेले तुम्हांला जाणवतील. बोटे मिटण्याची बरीचशी ताकद तेथे असते. ती दोरीसारख्या स्नायूबंधांतून बोटांपर्यंत पोहोचते. म्हणून केवळ पंजा झाकून भागत नाही. मनगट आणि कोपराखालचा हातही उबदार ठेवावा लागतो.

हात गारठले तर काय बिघडते? थोडा त्रास होतो, एवढेच नव्हे काय? नाही. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांनी दाबायचा असतो. क्लच डाव्या हाताने धरायचा असतो. गाडीचा वेग कमी-जास्त करणारी मूठ उजव्या तळव्यात असते. दिव्याचे बटण आणि हॉर्न अंगठ्याखाली असतात. गारठलेल्या बोटांना दांडी किती दाबली गेली याचा अंदाज येत नाही. ती हळू हलतात. ब्रेक उशिरा लागतो किंवा एकदम जोरात लागून चाक घसरते.

एक साधे गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. बोटे बधिर झाल्यामुळे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी साडेपाच मीटर जास्त पुढे जाते. हे अंतर जवळजवळ एखाद्या वर्गखोलीच्या रुंदीएवढे आहे. हिवाळा हा आपल्याकडे साखर कारखान्यांच्या गळिताचा हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याने जात असतात. काहींना मागे दिवा नसतो. एखाद्या दिवशी धुकेही असते. अशा वेळी ते साडेपाच मीटर एखाद्याचा जीव वाचवू शकतात किंवा घेऊ शकतात. म्हणून गारठलेला हात हा गाडीचा बिघाड समजावा. ब्रेक नादुरुस्त असलेली गाडी घेऊन कोणी बाहेर पडत नाही. मग बोटे बधिर झालेली असताना तरी गाडी पुढे का दामटावी?

हातांची ऊब राखण्यासाठी फार पैसे लागत नाहीत. तीन गोष्टी साधल्या म्हणजे झाले : वारा अडवणे, हवा कोंडून ठेवणे आणि हात कोरडे ठेवणे.

लोकर उबदार असते असे आपण म्हणतो. खरे पाहता लोकर स्वतः उष्णता तयार करीत नाही. तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. धनगरांची घोंगडी आणि आपल्या घरची अनेक पदरांची गोधडी याच नियमाने ऊब देतात. पण लोकरीच्या विणीत छिद्रे असतात. गाडीवरचा वारा त्यांतून आरपार जातो. म्हणून नुसते लोकरीचे हातमोजे गाडीवर पुरेसे होत नाहीत. आत लोकरीचे पातळ मोजे आणि वरून वारा अडवणारे चामड्याचे किंवा रेक्झिनचे मोजे, अशी जोडी सर्वांत चांगली. चामड्याच्या मोजाचा आणखी एक फायदा आहे. गाडी घसरली तर माणूस आधी हात टेकतो. तेव्हा चामडे तळव्याचे रक्षण करते. वेळेला काहीच नसेल तर लोकरीच्या मोजावर प्लॅस्टिकची पिशवी बांधूनही वारा अडतो. मात्र ती दांडीत अडकता कामा नये, आणि आत घाम साचला तर ती लगेच काढावी.

हातमोजे सैल असावेत. घट्ट मोजांत हवा राहत नाही आणि बोटांतील रक्तही दबते. तसेच ते इतके जाडही नसावेत, की ब्रेकची दांडी हाताला कळू नये. मोजाची बाही स्वेटरच्या किंवा जॅकेटच्या बाहीवर चढलेली असावी. मनगटापाशी फट राहिली तर तेथून वारा थेट कोपरापर्यंत शिरतो.

हात ओले असतील तर ऊब टिकत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. शिवाय ओला हात वाळताना उष्णता खर्च होते. म्हणून दुधाचे कॅन धुतल्यावर किंवा नळावर हात धुतल्यावर ते नीट पुसून मगच मोजे घालावेत. दवाने भिजलेले मोजे दिवसा उन्हात वाळवावेत.

वारा हातापर्यंत पोहोचूच नये, अशीही सोय करता येते. हँडलच्या दोन्ही मुठींवर बसणारी कव्हरे बाजारात मिळतात. सीट कव्हर शिवणारा कारागीर ती रेक्झिनची शिवूनही देतो. चालक त्यांत हात घालून गाडी चालवतो. कव्हर बसवल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेक आणि क्लचच्या दांड्या पूर्ण दाबल्या जातात का? मूठ सोडल्यावर आपोआप मागे फिरते का? हात झटकन बाहेर निघतो का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते कव्हर वापरू नये. काही गाड्यांना मुठीपुढे प्लॅस्टिकची ढाल बसवतात. तीही वारा अडवते. धातूची उघडी दांडी बोटांची उष्णता लवकर ओढून घेते. तिच्यावर रबराची नळी चढवली की हा त्रास कमी होतो.

लडाखसारख्या अतिथंड प्रदेशात जाणारे काही प्रवासी मुठीत विजेची तार बसवून मूठच गरम करतात. परंतु त्याला वीज बरीच लागते. लहान गाडीत ती पुरेलच असे नाही. म्हणून जाणत्या मिस्त्रीला विचारल्याशिवाय असे काही जोडू नये. आपल्या थंडीला साधे उपाय पुरेसे आहेत.

छातीची ऊब राखण्यासाठी स्वेटरवर वारा न शिरणारे जॅकेट घालावे. गळ्याला मफलर गुंडाळावा, पण त्याची टोके आत खोचावीत. मोकळी टोके चाकात अडकू शकतात. जॅकेट नसेल तर स्वेटर आणि शर्ट यांच्यामध्ये जुने वर्तमानपत्र घडी करून ठेवावे. कागद वारा अडवतो आणि त्याच्या घड्यांत हवा राहते. निघण्यापूर्वी काही खाल्लेले असावे. रिकाम्या पोटी शरीराला ऊब तयार करणे कठीण जाते.

एवढे करूनही बोटे बधिर झाली तर काय करावे? त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावून पाहावे. ते सहज लागत नसेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी. दोन्ही हात काखेत धरावेत किंवा खांद्यापासून गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांकडे वाहू लागते. बोटे नीट हलू लागल्यावरच पुढे निघावे.

या वेळी लोक काही चुका करतात. कोणी गरम सायलेन्सरला हात लावतो, कोणी शेकोटीच्या अगदी जवळ हात नेतो. बधिर बोटांना चटका कळत नाही आणि कातडी भाजते. शेकोटीपासून थोडे दूर बसूनच हात शेकावेत. कोणी ऊब यावी म्हणून बिडी ओढतो. पण तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे अधिकच गार पडतात. दारूने तर अंगाला क्षणभर ऊब आल्यासारखी वाटते, परंतु शरीरातील उष्णता उलट बाहेर जाते. शिवाय दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे.

काही लोकांची बोटे थोड्या थंडीतही एकदम पांढरी, मग निळसर आणि नंतर लाल होतात. हा एक विकार असू शकतो. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली त्याचे वर्णन केले. अशा माणसाने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मित्रांनो, कायद्याप्रमाणे गियरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तुम्हांला अजून अवकाश आहे. पण तुमच्यापैकी कितीतरी जण पहाटे सायकलवर किंवा मोठ्या माणसांच्या मागे बसून शाळेत येत असतील. वरचे नियम तुम्हांलाही लागू आहेत. आणि घरातील कोणी पहाटे गाडीवर निघत असेल, तर आदल्या रात्री त्यांचे मोजे कोरडे आहेत की नाहीत, एवढे तरी तुम्ही पाहू शकता. काम छोटे आहे. पण त्या मोज्यांतले हात वेळेवर ब्रेक दाबतील आणि माणूस सुखरूप घरी येईल.

शब्दार्थ

गारठणे – थंडीने गार पडणे
ऊब – हवीशी वाटणारी उष्णता
बधिर – स्पर्श न कळणारे, सुन्न
निरभ्र – ढग नसलेले
हातमोजे – दस्ताने
लोकर – मेंढीच्या अंगावरील केस
आकसणे – लहान होणे, आखडणे
काटकसरी – जपून खर्च करणारा
गळीत – उसाचा रस काढण्याचे काम
दामटणे – जोराने पुढे नेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिवाळ्यात दिवसातील सर्वांत कमी तापमान केव्हा असते?
(आ) सायपल आणि पॅसेल यांनी प्रयोग कोठे केला?
(इ) बोटे बधिर झाली आहेत हे ओळखण्याची सोपी परीक्षा कोणती?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) नुसते लोकरीचे हातमोजे गाडीवर पुरेसे होत नाहीत.
(आ) बिडी ओढल्याने बोटे अधिक गार पडतात.
(इ) हातमोजे घट्ट असू नयेत.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) थंडीत शरीर काटकसरी घरधन्यासारखे कसे वागते?
(आ) ‘गारठलेला हात हा गाडीचा बिघाड समजावा’, असे लेखक का म्हणतो?

प्र. ४. भाषेची गंमत.
काही शब्द उर्दूत आणि मराठीत सारखे ऐकू येतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. उर्दूत ‘सर्दी’ म्हणजे थंडी. मराठीत ‘सर्दी’ म्हणजे नाक वाहण्याचा आजार. उर्दूत ‘ऊन’ म्हणजे लोकर. मराठीत ‘ऊन’ म्हणजे सूर्याचा प्रकाश. ‘मोजा’ हा शब्द मात्र फारसीतून मराठीत आला आहे. थंडी, सर्दी, ऊन आणि लोकर हे चारही शब्द मराठी अर्थाने वापरून चार वाक्ये लिहा.

प्र. ५. उपक्रम.
सारख्या आकाराचे तीन पेले घ्या. त्यांत सारखेच कोमट पाणी ओता. एक पेला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती कोरडे लोकरीचे कापड गुंडाळा. तिसऱ्याभोवती तसेच कापड ओले करून गुंडाळा. तिन्ही पेले पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमापकाने तापमान मोजून तक्ता तयार करा. कोणते पाणी आधी गार झाले आणि का, ते वर्गात सांगा.